अंगावरचं पाणी

शा पेइझेनच्या पोटात गेली चार वर्षं दुखत होतं, आणि हे दुखणं कुठल्या डॉक्टरला दाखवण्यासारखं नव्हतं. त्याचं नाव गू वेन्यी. धाकट्या भावाची बायको.

भावजय आगाऊ असती, आळशी असती, निदान स्वयंपाकात तरी कच्ची असती, तर निम्मं दुखणं आपोआप बरं झालं असतं. पण तशी सोय नव्हती. वेन्यी सुझौच्याच एका जुन्या हान घराण्यातली. लग्नाआधी दातांच्या दवाखान्यात कामाला होती आणि माहेरी डुकराच्या मांसाशिवाय सण साजरा होत नसे. पेइलिनशी लग्न करायचं म्हणून ती मुसलमान झाली, मरियम हे नावही घेतलं, इथवर ठीक होतं. मशिदीमागच्या गल्लीत अशा सुना आधीही आल्या होत्या, नावापुरत्या. ही मात्र मनापासून झाली. पाचही वेळची नमाज, रोज पहाटे फोनवर कैरोच्या कुठल्याशा बाईंकडून कुराणाचे धडे, आणि डोक्याला रुमाल असा बांधलेला की केसाचं टोक दिसायचं नाही. शा घराण्याचे पूर्वज सातशे वर्षांपूर्वी पश्चिमेकडून आले, असं घरात सांगत. सातशे वर्षांत त्यांच्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. वेन्यी काल आली, तर जो तो तिला मिठ्या मारत सुटला होता.

मिठ्या मारणारे म्हणजे पाहुणे. पेइझेन एकोणीस वर्षं सुझौच्या बागा दाखवत होती, आणि मुसलमान पाहुण्यांची ही एक दिवसाची सहल सहा वर्षांपूर्वी तिच्याच डोक्यातून निघाली होती. शांघायहून सकाळची गाडी, एक बाग, मशिदीत दुपारची नमाज, शेजारच्या खानावळीत मटणाच्या रश्श्यातल्या नूडल्स, मग होडी, आणि शेवटी पेइझेनच्या माहेरी चहा. बागेतल्या संडासात पाणी नसतं म्हणून झाकणाला भोकं पाडलेल्या पाण्याच्या बाटल्या पाहुण्यांना वाटायच्या, ही युक्तीही तिचीच. पाहुणे दहाच्या वर गेले की मदतीला कुणीतरी लागे, तेव्हा तिनं स्वतःच वेन्यीला बोलावलं आणि आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

कारण त्या दिवसापासून बाग राहिली बाजूला आणि सगळ्यांना वेन्यीची गोष्ट हवी असे. कशी आलीस, आईवडील काय म्हणाले, पहिला रोजा कसा गेला. वेन्यी हळू आवाजात सांगायची, बायका डोळे पुसायच्या, आणि पेइझेन तळ्यातल्या दोन दगडांशेजारी तिसऱ्या दगडासारखी उभी. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. इथे चार वर्षं झाली तरी नववा दिवस काही मावळत नव्हता. पिकतं तिथं विकत नाही, ही म्हण पेइझेनला पाठ होती, पण आपल्याच बाबतीत ती रोज का खरी व्हावी, हे तिला कळत नव्हतं.

त्या एप्रिलातल्या दिवशी या सगळ्यात आणखी एका गोष्टीची भर पडली होती. वडिलांना जाऊन त्या दिवशी दहा वर्षं होत होती.

असा दिवस आला की घरात योउश्यांग तळायचे. सोडा-मीठ घातलेल्या कणकेच्या जाड गोल पोळ्या. त्या सुरीनं कापायच्या नाहीत, हातानं मोडून वाटायच्या. तेलाचा तो वास गेलेल्या माणसापर्यंत पोचतो, असं मानतात. म्हणून तळणाऱ्या बाईनं डोक्यापासून पायापर्यंत विधीची आंघोळ करून बसायचं. ‘अंगावर पाणी आहे ना?’ एवढंच विचारायचं आणि ‘आहे’ एवढंच उत्तर द्यायचं. शा घरात आजीपासून आणखी एक नियम होता. आंघोळीनंतर शेवटची पोळी निघेपर्यंत खोटं बोलायचं नाही. बोललीस तर पाणी गेलं, पुन्हा आंघोळ.

झारा आजीकडून आईकडे आला होता. आई आता एकोणऐंशीची, तिचा हात कापत होता. गेल्या वेळी तेल मनगटावर उडालं तेव्हाच तिनं सांगून टाकलं होतं की वडिलांच्या दिवशी झारा दुसऱ्या हातात जाईल, आणि गेला की गेला. पहाटे तिनं दोघींना समोर बसवलं.

“दोघी पाण्यानिशी राहा दिवसभर,” आई म्हणाली. “संध्याकाळी पाहुण्यांसमोर देईन. कुणाला ते माझं मी बघेन.”

पेइझेन सात वर्षांची असल्यापासून त्या कढईशेजारी उभी राहिली होती. झाऱ्याच्या मुठीला गुंडाळलेलं सुती फडकं वडिलांनी बांधलेलं होतं. तिला दुसरं काही नको होतं, ना घर, ना आईच्या बांगड्या. फक्त हा झारा. पण ती सासरी, नदीपलीकडे, आणि वेन्यी आईच्या घरात, आईच्या हाताशी. पहाटे मोरीत तासभर आंघोळ करताना पेइझेनच्या मनात देवाचं नाव कमी आणि हाच हिशेब जास्त होता.

बसमध्ये चढायच्या आधी तिनं भावजयीला बाजूला घेतलं. आज आपली गोष्ट सांगत बसू नकोस, वडिलांचा दिवस आहे, वेळ कमी आहे, असं बजावलं.

“बरं, ताई,” वेन्यी म्हणाली.

या ‘बरं, ताई’चाही पेइझेनला राग येई. भांडायलासुद्धा जागा ठेवत नाही बया.

पाहुण्या चौदा होत्या, मलेशियातल्या कोता भारूच्या. सगळ्या निवृत्त शिक्षिका, आठवड्यातून दोनदा एकत्र कुराण वाचणाऱ्या. त्यांच्या म्होरक्या नोर्सिहा, हज करून आलेल्या म्हणून ‘हाजा’, वय अडुसष्ट, गुडघे दुखत असूनही सगळ्यांच्या पुढे. पिशवीत तिखट सांबलच्या तीन बाटल्या, कारण सुझौचं जेवण गोड असतं असं त्यांना कुणीतरी सांगून ठेवलेलं.

बागेत त्या सकाळी पेइझेनला सूर सापडला. वाकड्या पुलावर ती म्हणाली की भुतांना वळता येत नाही म्हणून पूल वाकडा बांधतात, पण माझ्या नवऱ्यालाही वळता येत नाही, तो सरळ पाण्यात गेला होता. बायका खळखळून हसल्या. जाळीच्या खिडकीतून एकच झाड दर पावलाला निराळं कसं दिसतं, ते तिनं प्रत्येकीला हात धरून दाखवलं. वेन्यी मागे बाटल्या आणि छत्र्या सांभाळत चालली होती, आणि तिच्याकडे कुणी वळूनही बघत नव्हतं. चार वर्षांत पहिल्यांदा पेइझेनला बाग सुंदर वाटली.

मशिदीत नमाज झाली. वेन्यी बाटल्या भरायला बाहेर गेली. पेइझेननं कोपऱ्यात बसून वडिलांसाठी कुराणातला फातिहा म्हटला, हलक्या पण ऐकू येईल अशा आवाजात. आजीनं शिकवला तसाच. आजीला अक्षरओळख नव्हती. तिच्या आजीच्या तोंडून ऐकलेलं तिनं नातीच्या तोंडात घातलं होतं, आणि इतक्या पिढ्यांच्या चिनी जिभांवरून येताना त्या अरबी शब्दांचे तुकडे पडले होते, कडा झिजल्या होत्या. वडीलही तसाच म्हणत. तिला तो तसाच प्रिय होता.

डोळे उघडले तर समोर हाजा नोर्सिहा बसलेल्या, डोळे भरलेले, आणि मागे बाकीच्या तेरा.

एजंटानं त्यांना कळवलं होतं की दोन गाइडपैकी एक बहीण नवमुस्लीम आहे. कोण ते सकाळपासून कुणी सांगितलं नव्हतं. आता त्यांना आपोआप कळलं होतं. हाजांनी पिशवीतून पांढराशुभ्र, लेस लावलेला नमाजाचा पोशाख काढला आणि पेइझेनच्या मांडीवर ठेवला. खास नव्या बहिणीसाठी शिवून आणला होता.

“लाजू नकोस,” त्या म्हणाल्या. “शब्द बसतील हळूहळू जिभेवर. आमचेही असेच अडखळायचे. ती दुसरी आहे ना, मरियम, तिच्याकडून शीक. ती जन्माचीच आहे, ऐकलं की कळतं. तुला किती वर्षं झाली, बाळ?”

पेइझेनच्या अंगाचा तिळपापड झाला. सातशे, असं ओरडून सांगावंसं वाटलं. तोंड उघडलंसुद्धा. पण चौदाही बायका तिच्याकडे बघत होत्या, आणि ती नजर तिच्या ओळखीची होती. गेली चार वर्षं ती नजर तिनं बाजूला उभं राहून पाहिली होती, दुसरीवर पडलेली. स्वतःवर पडल्यावर ती इतकी ऊबदार लागते, हे तिला माहीत नव्हतं.

“चार,” ती म्हणाली.

हाजांनी तिला छातीशी धरलं. मग प्रश्न आले, आणि उत्तरं तर पेइझेनला तोंडपाठ होती. आई आठवडाभर जेवली नाही. वडिलांनी ताट-वाट्या वेगळ्या केल्या. पहिल्या रोज्याला दुपारी चक्कर आली. वेन्यी सांगायची ते सगळं, त्याच क्रमानं, पण एकोणीस वर्षांच्या गाइडच्या तोंडून, म्हणजे जिथे थांबायचं तिथे थांबून. आणि गोष्टीला दुष्ट माणूस लागतो, हेही एकोणीस वर्षांत ती शिकली होती. वेन्यीच्या गोष्टीत तो कधीच नसे.

“मुसलमान होताना पहिली आंघोळ करतात ना, ती मला नणंदेनं शिकवली,” पेइझेन म्हणाली. “जानेवारी होता. वरून टांगलेल्या मडक्याचं पाणी अंगावर घ्यायचं असतं. मडकं तिनं भरलं होतं. गार पाण्यानं. चुलीवर गरम पाणी असून. मी दात वाजवत बाहेर आले, तर मला म्हणाली, आमच्यात असंच असतं.”

हे वेन्यीनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ती नेहमी म्हणायची, ताईंनी मला मायेनं शिकवलं.

बायका हळहळल्या. हाजांनी हात वर करून दुआ मागितली, की अल्ला त्या नणंदेला सुबुद्धी देवो. तेराजणींनी आमीन म्हटलं. पेइझेनच्याही तोंडून सवयीनं आमीन निघून गेलं, आणि तिनं मान वळवली तर दारात वेन्यी उभी होती, दोन्ही हातांत भरलेल्या बाटल्या घेऊन. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं बाटल्या एकेकीला वाटल्या आणि चपला सरळ लावायला लागली.

जेवताना पेइझेनच्या वाडग्यात प्रत्येकीनं आपल्या वाडग्यातला एकेक मटणाचा तुकडा घातला, वर सांबल. होडीत सगळ्या तिला मध्ये बसवून फोटो काढत होत्या आणि ती वेन्यीकडे बघत होती. आता बोलेल, मग बोलेल. वेन्यी पाण्याकडे बघत बसली होती. ही गप्प का, याची पेइझेनला भीती वाटायला लागली, आणि भीतीबरोबर पुन्हा तोच जुना जळफळाट. संध्याकाळपर्यंत राखून ठेवलंय बाईनं. आईसमोर सांगेल आणि अलगद झारा उचलेल.

गल्लीच्या तोंडाशी बस थांबताच वेन्यी पुढे पळाली. पेइझेन पाहुण्यांना घेऊन सावकाश दारापर्यंत आली, तेव्हा ती पुन्हा बाहेर आली, बाह्या दुमडलेल्या, थोडी धापा टाकत.

“ताई, कढई तापायच्या आधी तुम्ही जरा आत जाऊन या,” ती हळूच म्हणाली.

“मला शिकवू नकोस,” पेइझेन म्हणाली. एवढं तिला कळत होतं. आपण आत गेलो की ही कढईपाशी. ती आत गेली नाही. पाहुण्यांना बाकांवर बसवलं आणि चुलीपासून दोन हातांवर जाऊन उभी राहिली.

आईनं चूल पेटवली होती. वेन्यी कणीक मळायला बसली. हाजा नोर्सिहा आईशेजारी बसल्या, तिचा कापरा हात हातात घेतला आणि बोलायला लागल्या. देवानं तुम्हाला अशी सून दिली, सगळं सोडून आलेली. तिच्या नणंदेनं तिला छळलं, तर तुम्ही दोघींना माफ करा. मग पेइझेनकडे वळून म्हणाल्या, सांग ना यांना.

“काय म्हणतेय ही बाई?” आईनं विचारलं.

“म्हणतात, घरात वास छान येतोय,” पेइझेन म्हणाली.

वेन्यीचे हात कणकेत क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू झाले. तिला हाजांची इंग्रजी चांगली कळत होती.

आईनं खुंटीवरचा झारा काढला. पाहुण्या गप्प झाल्या, त्यांनाही काहीतरी महत्त्वाचं चाललंय हे कळलं. आईनं वेन्यीकडे पाहिलंसुद्धा नाही. झारा तिनं सरळ लेकीसमोर धरला.

“घे,” ती म्हणाली. “पोरवयापासून डोळा आहे तुझा याच्यावर, मला काय दिसत नव्हतं? दिवसभर उगाच टांगून ठेवलं तुला. अंगावर पाणी आहे ना?”

फक्त ‘आहे’ म्हणायचं होतं. मुठीवरचं वडिलांनी बांधलेलं फडकं तेलानं काळं झालं होतं, गाठ अजून घट्ट होती. कढईतून पहिली वाफ निघाली. हा वास त्यांच्यापर्यंत पोचतो म्हणतात. पोचत असेल तर दुपारचं मशिदीतलंही पोचलं असेल. पेइझेनला रडू फुटेल असं वाटलं, पण रडूही आलं नाही.

“नाही, आई.”

“सकाळी तासभर मोरी अडवून बसली होतीस.”

“तेव्हा होतं. दुपारी गेलं. आत्ताही एकदा गेलं, वासाचं बोलले तेव्हा.” आणि तिनं सगळं सांगितलं. आपल्या बोलीत, भराभर, गार पाण्यासकट. मध्ये कुठेही थांबली नाही.

आई ऐकत राहिली.

“म्हणजे तू चार वर्षांची मुसलमान,” ती म्हणाली. “मग दहा वर्षांपूर्वी गेला तो तुझा कोण?”

आईनं पुढे केलेला झारा मागे घेतला.

“नव्या माणसाला आपण आधी काय करायला लावतो?”

“आंघोळ.”

“मग जा.” आईनं झारा वेन्यीसमोर धरला. “वेन्यी, हात धुऊन ये आणि घे हा.”

हाजा नोर्सिहा गोंधळून सगळ्यांची तोंडं बघत होत्या. पेइझेननं पिशवीतून तो पांढरा पोशाख काढला आणि इंग्रजीत म्हणाली, “हाजा, नवीन आलेली ही आहे. गार पाण्याची नणंद मी.”

पोशाख तिनं वेन्यीपुढे केला. वेन्यीचे हात कणकेनं माखलेले, तिला तो घेता येईना.

“माझ्याकडे असे तीन आहेत, ताई,” ती म्हणाली. “तुम्हालाच राहू द्या.”

हे ती टोमणा म्हणून बोलली असती तर पेइझेनला केवढा आधार वाटला असता. पण ते साधं बोलणं होतं. पेइझेन पोशाख बाकावर ठेवून मोरीत गेली आणि आतून कडी लावली.

हात दाखवून अवलक्षण, ती स्वतःलाच म्हणाली. आता मडकं उतरवा, पाणी तापवा, भरा, पुन्हा टांगा. तोवर निम्म्या पोळ्या होतील. तिनं वर पाहिलं. मडकं टांगलेलं होतं, काठोकाठ भरलेलं, वर टॉवेल झाकून ठेवला होता, ऊब जाऊ नये म्हणून. दोरीला कोरडा पंचा, खाली पाट.

तिनं तळाची खुंटी काढली. पाणी डोक्यावर पडलं. कोमट होतं. तासाभरापूर्वी, म्हणजे बस थांबताच कुणीतरी पळत येऊन भरलं तेव्हा, चांगलं कढत असणार.

जरा आत जाऊन या, ताई. तेव्हा आली असती तर पाच मिनिटांत आंघोळ उरकून बाहेर गेली असती, कुणाला काही कळलं नसतं, आणि आईनं विचारल्यावर ‘आहे’ म्हणाली असती, खरंखुरं. वेन्यीनं झाऱ्यापर्यंतची वाट तिच्यासाठी झाडून ठेवली होती, आणि ती चुलीजवळ राखण करत उभी राहिली होती.

बाहेर पहिली पोळी तेलात पडल्याचा आवाज आला. पाहुण्या आनंदानं काहीतरी म्हणाल्या. वास दाराच्या फटीतून आत आला, अगदी लहानपणचा, वडील ओसरीत बसलेले असतानाचा. पेइझेनला झाऱ्याचा हेवा वाटला, पहिल्या पोळीचा हेवा वाटला, आणि सगळ्यांत जास्त हेवा वाटला तो या पाण्याचा, की एवढं ऐकून घेतल्यावरही हिला ते तापवायचं सुचलं.

“गार भरलं असतंस तर फिट्टंफाट झाली असती गं,” ती मडक्याकडे बघत पुटपुटली, आणि अंगाला साबण लावायला लागली.